सुट्टीतील ताट

अन्नछत्रे, सदावर्ते, दुष्काळातील पंक्ती यांच्या नोंदी आपल्याकडील धर्मादाय संस्थांच्या जुन्या वह्यांतून विपुल सापडतात. कोणत्या तिथीला किती पाने उठली, शिधा कोणाकडून आला, हे सारे त्यांत टिपलेले असते. शाळकरी मुलाच्या सुट्टीतील भुकेची नोंद मात्र क्वचितच आढळते. याचे कारण साधे आहे. शाळा भरलेली असते तेव्हा मूल वर्गात शिक्षकांच्या नजरेसमोर असते; ते डुलक्या घेऊ लागले, फळ्याकडे पाहीनासे झाले, की कोणाच्या तरी लक्षात येते. शाळेला कुलूप लागले की ते घरी जाते आणि त्याच्या भुकेला साक्षीदार उरत नाही. ही भूक प्रत्यक्ष तराजूने मोजण्याचा एक आरंभीचा प्रयत्न इंग्लंडमधील ब्रॅडफर्ड शहरात १९०७ साली झाला. तो इतिहास आपल्याकडे फारसा परिचित नाही, म्हणून येथे थोडा विस्ताराने सांगतो.

ब्रॅडफर्ड हे यॉर्कशायर परगण्यातील लोकरीच्या गिरण्यांचे शहर. गिरणीमालकांचे वैभव आणि गिरणीकामगारांचे दारिद्र्य तेथे शेजारी शेजारी नांदत होते. अर्धा दिवस शाळा आणि अर्धा दिवस गिरणी अशी दुहेरी हजेरी लावणारी मुले हे तेथील नित्याचे दृश्य होते. १८९०-९१ च्या मॅनिंगहॅम गिरणीच्या दीर्घ संपाने शहराचे सार्वजनिक जीवन ढवळून निघाले आणि १८९३ साली स्वतंत्र मजूर पक्षाची स्थापना याच शहरात झाली. त्या पक्षाच्या मार्गारेट मॅकमिलन १८९४ साली शहराच्या शाळा मंडळावर निवडून आल्या. भुकेल्या मुलाला शिकविणे म्हणजे सरकारी पैशाचा अपव्यय होय, ही त्यांची भूमिका होती. शहरातील सिंड्रेला क्लबसारख्या संस्था वर्गणी जमवून गरीब मुलांना जेवण देत असत; परंतु वर्गणीचा ओघ आणि मुलांची गरज यांचा मेळ बसत नसे. व्यापारात मंदी आली की गरज वाढे आणि नेमकी तेव्हाच वर्गणी आटे. धर्मादाय कामाचा अनुभव असणाऱ्या वाचकांना हे निराळे समजावून सांगावे लागू नये.

दरम्यान बोअर युद्धाच्या वेळी सैन्यभरतीसाठी आलेल्या तरुणांपैकी बरेच जण शारीरिकदृष्ट्या अपात्र ठरल्याने राज्यकर्ते चिंतेत पडले होते. १९०४ साली एका सरकारी समितीने राष्ट्राच्या शारीरिक अवनतीविषयी अहवाल दिला आणि त्यात शाळकरी मुलांच्या आहाराकडे लक्ष वेधले. करुणेने जे साधले नाही ते सैन्याच्या गरजेने साधले, असे म्हटल्यास वावगे ठरू नये. डिसेंबर १९०६ मध्ये मुलांच्या जेवणासंबंधीचा कायदा संमत झाला. मजूर पक्षाच्या खासदारांनी तो पुढे रेटला होता. ब्रॅडफर्डचे फ्रेड जोवेट हे त्यांतील एक प्रमुख. या कायद्याने स्थानिक शिक्षण मंडळांना पौंडामागे अर्धा पेनीपर्यंतच्या कराचा पैसा मुलांच्या जेवणावर खर्च करण्याची मुभा दिली. मुभा दिली, सक्ती केली नाही.

ब्रॅडफर्डने ही मुभा तत्काळ वापरली. तथापि घाईने भांडी मांडण्यापूर्वी तेथील शाळांचे वैद्यकीय अधीक्षक डॉ. राल्फ क्राऊली आणि गृहशास्त्राच्या अधीक्षिका मेरियन कफ यांनी एक प्रयोग केला. एप्रिल ते जुलै १९०७ या काळात ४० गरजू मुलांना शाळेच्या दिवशी सकाळची न्याहारी आणि दुपारचे जेवण देण्यात आले. न्याहारीला दूध व काकवी घातलेली ओटची लापशी, त्यानंतर पाव आणि दूध. मुलांचे वजन नियमित घेतले जाई आणि ज्यांना हे जेवण मिळत नव्हते अशा मुलांच्या दुसऱ्या गटाशी त्याची तुलना केली जाई.

या प्रयोगाच्या अहवालातील बारीकसारीक तपशील आजही वाचनीय आहेत. मेजांवर चादरी अंथरल्या होत्या, फुले ठेवली होती. मोठ्या मुली वाढपाचे काम करीत. पहिल्या आठवड्याअखेरीस त्या चादरी फार मळल्या, याची नोंद अहवालात प्रांजळपणे केलेली आहे. त्याचे कारणही दिले आहे की मुलांचे कपडेच मळके होते आणि हात धुण्याची सोय आरंभी अपुरी होती. यावर चादरी काढून टाकणे हा सोपा उपाय होता. तो या मंडळींनी केला नाही. जेवण हे भिक्षेसारखे न देता घरच्या पंक्तीसारखे द्यावयाचे, हा त्यांचा आग्रह होता आणि माझ्या मते संपूर्ण प्रयोगात वजनाच्या आकड्यांइतकेच मोल या आग्रहाला आहे.

आता वजनाविषयी. जेवण घेणाऱ्या मुलांची वाढ दुसऱ्या गटापेक्षा स्पष्टपणे अधिक होती, हे अपेक्षितच होते. अनपेक्षित गोष्ट निराळीच घडली. मे महिन्यात व्हिटसनच्या सणाची सुट्टी आली, शाळा बंद राहिली, जेवण थांबले, आणि चढत चाललेली वजनाची रेषा त्या आठवड्यात खाली वळली. जुलैत प्रयोग संपून उन्हाळ्याची दीर्घ सुट्टी लागली तेव्हाही तेच घडले. इतके दिवस सुट्टी म्हणजे विश्रांती, मोकळी हवा, आरोग्य असे मानले जात होते. या मुलांच्या बाबतीत सुट्टीने शरीर खंगत होते. तराजूने ते दाखविल्यावर नाकारणे कठीण झाले.

ऑक्टोबर १९०७ मध्ये ब्रॅडफर्डच्या ग्रीन लेन शाळेत मध्यवर्ती स्वयंपाकघर सुरू झाले. तेथे शिजलेले अन्न मोटारगाडीतून शहरातील निरनिराळ्या भोजनकेंद्रांवर पोहोचविले जाई. अडचण राहिली ती सुट्टीची. १९०६ च्या कायद्याचा अर्थ सरकारी खात्याने असा लावला की, करातून मिळणारे जेवण हे शिक्षणाचा लाभ घेता यावा यासाठी आहे. ज्या दिवशी शाळाच नाही त्या दिवशी शिक्षण नाही, म्हणून जेवणही नाही. सुट्टीत केलेला असा खर्च सरकारी लेखापरीक्षक नामंजूर करू शकत. विश्वस्त मंडळावर काम केलेल्या वाचकांना लेखापरीक्षकाच्या लाल शाईचा धाक सांगावयास नको. भुकेल्या मुलाची भूक खरी, तिचा पुरावा वहीत लिहिलेला, आणि तरीही तो खर्च बेकायदेशीर! सुट्टीतील जेवणासाठी मग पुन्हा देणगीदारांचे उंबरठे झिजविणे आले.

जोवेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही त्रुटी दूर करण्यासाठी पार्लमेंटात वारंवार प्रयत्न केले. अखेर ऑगस्ट १९१४ मध्ये, महायुद्ध सुरू होताच, सुधारणा कायदा संमत झाला. अर्ध्या पेनीची मर्यादा गेली आणि शाळा बंद असलेल्या दिवशीही जेवण देता येईल, असे स्पष्ट झाले. याही वेळी युद्ध उपयोगी पडले.

त्यानंतरचा मोठा कालखंड थोडक्यात सांगता येतो. १९४४ च्या शिक्षण कायद्याने इंग्लंडमध्ये शाळेतील जेवण हे स्थानिक शिक्षण मंडळांचे कर्तव्य ठरले. १९८० च्या कायद्याने ते कर्तव्य बव्हंशी काढून घेतले आणि अतिगरीब कुटुंबांतील मुलांपुरते मोफत जेवण उरले. तेही शाळेच्या साधारण १९० दिवसांपुरते. ब्रॅडफर्डच्या तराजूने दाखविलेली गोष्ट हळूहळू विस्मृतीत गेली.

ती पुन्हा वर आली एका शतकानंतर. २०१७ साली खासदार फ्रँक फील्ड यांच्या अध्यक्षतेखालील सर्वपक्षीय गटाने सुट्टीतील भुकेवर अहवाल प्रसिद्ध केला. सुट्टीत उपाशी राहण्याचा धोका असलेल्या मुलांची संख्या ३० लाखांपर्यंत असावी, असा त्यात अंदाज होता. लक्षात घेण्याजोगी बाब ही की, त्यांतील सुमारे २० लाख मुलांचे पालक कामावर जाणारे होते. म्हणजे हा प्रश्न केवळ बेकारांच्या घरचा नव्हता. फील्ड यांनी सुट्टीतील जेवण व उपक्रम यांसाठी विधेयकही मांडले. जानेवारी २०१८ मध्ये सरकारने प्रायोगिक योजनेचे आश्वासन दिल्यावर त्यांनी ते मागे घेतले आणि त्या उन्हाळ्यात २० लाख पौंडांच्या निधीतून काही ठिकाणी प्रयोग सुरू झाले.

२०२० च्या महामारीत तरुण फुटबॉलपटू मार्कस रॅशफर्ड यांनी खासदारांना जाहीर पत्र लिहिले. लहानपणी आपण स्वतः अशा मोफत जेवणावर वाढलो, हे त्यांनी लपविले नाही. दुसऱ्याच दिवशी सरकारने आपला निर्णय फिरवून उन्हाळी सुट्टीसाठी १२ कोटी पौंड मंजूर केले. ऑक्टोबरमध्ये हाच प्रश्न पुन्हा आला तेव्हा कॉमन्स सभागृहाने ३२२ विरुद्ध २६१ मतांनी मागणी फेटाळली, आणि तीन आठवड्यांच्या आत सरकारला पुन्हा माघार घ्यावी लागली. २०२१ पासून सुट्टीतील उपक्रम व अन्न ही योजना संपूर्ण इंग्लंडमध्ये लागू झाली : वर्षातून सहा आठवडे, आठवड्यातून चार दिवस, दिवसातून चार तास. त्यात जेवणाबरोबर खेळ, हस्तकला, पोहणे, स्वयंपाक शिकणे असे कार्यक्रम असतात.

जेवणाला उपक्रमांची जोड कशासाठी, असा प्रश्न येथे पडेल. केवळ जेवणासाठी बोलावले तर गरजू मूल येत नाही. ते लाजते, आणि त्याच्या आईला तर त्याहून अधिक संकोच वाटतो. क्रिकेटसाठी, चित्रांसाठी बोलावले तर ते धावत येते आणि मधल्या वेळी सर्वांबरोबर जेवते. या इंग्रजी योजनेतील सुमारे १५ टक्के निधी पात्रतेच्या चौकटीबाहेरील मुलांसाठी वापरण्याची मुभा देण्यात आली, तिचाही उपयोग पंक्तीत भेद न राहण्यासाठी होतो. ब्रॅडफर्डच्या मेजावरील चादर आणि फुले यांचेच हे नवे रूप समजावे.

आपल्या देशातही हा प्रश्न हिशेबाच्या वहीत अडकूनच पुढे आला. १९२० साली पिट्टी थियागराय चेट्टी यांच्या पुढाकाराने मद्रास महापालिकेने थाउजंड लाइट्स भागातील शाळेत दर मुलामागे दररोज एक आण्याच्या मर्यादेत न्याहारी सुरू केली. १५ ऑगस्ट १९९५ रोजी केंद्राची योजना आली, तेव्हा महाराष्ट्रात मुलांना महिन्याला तीन किलो तांदूळ मिळे, तोही ८० टक्के हजेरीच्या अटीवर. सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ रोजी शिजविलेले अन्न द्या असा आदेश दिला आणि त्यानंतर आपल्या शाळांतून खिचडीचा वास येऊ लागला. २० एप्रिल २००४ च्या आदेशात न्यायालयाने आणखी एक पाऊल टाकले : दुष्काळग्रस्त भागांत उन्हाळी सुट्टीतही हे जेवण द्यावे. मात्र २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्यात मुलांचा हक्क लिहिताना तो रोज एक भोजन, शाळेच्या सुट्ट्या वगळून, असाच लिहिला गेला. ब्रॅडफर्डच्या मंडळींना १९०७ साली ज्या अर्थाने अडविले, तोच अर्थ येथे कायद्याच्या शब्दांतच उतरला आहे.

महाराष्ट्रात २०१६ आणि २०१९ च्या दुष्काळात सुट्टीतील आहार देण्यात आला. मेच्या रणरणत्या उन्हात बंद वर्गांच्या ओसरीवर फक्त खिचडीसाठी मुलाने यावे, ही अपेक्षा मुळातच कठीण होती. काही मुले मामाच्या गावी गेलेली, काही आईवडिलांमागे कामाच्या शोधात परगावी. जी गावातच उरली त्यांना खेळावयास, शिकावयास तेथे काही नव्हते.

याच महिन्यात आपल्या समाजाची उन्हाळी संस्कार शिबिरे गावोगावी भरतात. तेथे आचारी असतो, पंगत असते, स्तवन असते, गोष्टी असतात, मैदान असते. म्हणजे इंग्लंडला शंभर वर्षांनी जी जोडणी करावी लागली ती आपल्याकडे तयारच आहे. फक्त या शिबिरांत येणारी मुले बहुधा घरीही वेळेवर जेवणारी असतात. त्याच धर्मशाळेच्या मागील गल्लीत, ज्यांच्या आया सकाळी आठलाच धुण्याभांड्याच्या कामावर निघतात, त्यांची मुले शाळा उघडेपर्यंत, साधारण जूनच्या मध्यापर्यंत, दुपारी दाराला कडी घालून एकटी असतात.