परसबागेचा कारभार : बीड जिल्ह्यातील शालेय शेतीशिक्षण आणि विद्यार्थी-नेतृत्व

बीड जिल्ह्यातील शालेय शेतीशिक्षणाचा इतिहास कोणा एका संस्थेभोवती गुंफता येत नाही, कारण विद्यार्थ्यांना पुढाकार घ्यायला शिकवणारी शाळा या जिल्ह्यात आधी आली आणि शेती शिकवण्याची तजवीज बरीच नंतर झाली. शेती शाळेच्या आवारातच शिकवावी हा विचार मुंबई इलाख्यात मांडला गेला, तेव्हा बीड हैदराबाद संस्थानात होते. महात्मा फुले यांनी १८८२ साली हंटर शिक्षण आयोगाला दिलेल्या निवेदनात प्राथमिक शाळेचा जो अभ्यासक्रम सुचवला, त्यात मोडी व बाळबोध वाचन-लेखन आणि हिशेब यांच्या जोडीला शेतीचे प्राथमिक ज्ञान होते आणि ते प्रत्यक्ष देता यावे म्हणून शाळेला लहानसे नमुना शेत जोडावे अशी सूचनाही होती. हिशेब आणि शेती यांची ही जोडी पुढच्या काळात अनेकदा फुटली, आणि ती जिथे फुटली तिथे विद्यार्थ्याच्या वाट्याला केवळ अंगमेहनत उरली असे दिसते.

निजामी राजवटीत सरकारी शिक्षणाचे माध्यम उर्दू होते, खासगी शाळेला सरकारची परवानगी लागे आणि जाहीर सभांवरही निर्बंध होते. परभणीला १९१८ साली प्रायोगिक शेती सुरू झाली खरी, परंतु शेतकी शिक्षणाची सोय हैदराबाद शहरातच असल्याने गंगथडीच्या, म्हणजे गोदाकाठच्या काळ्या जमिनीत राबणाऱ्या किंवा बालाघाटाच्या मुरमाड माथ्यावर बाजरी पेरणाऱ्या कुटुंबातील मुलापर्यंत ते ज्ञान पोहोचण्याचा मार्गच नव्हता. अंबाजोगाई, म्हणजे तेव्हाचे मोमिनाबाद, येथे १९१७ साली सुरू झालेली योगेश्वरी शाळा हा या परिस्थितीतला ठळक अपवाद होय. स्वामी रामानंद तीर्थ १९३५ ते १९३८ या काळात तिचे मुख्याध्यापक होते आणि येथूनच ते हैदराबाद स्टेट काँग्रेसच्या लढ्यात उतरले. या राष्ट्रीय शाळेतून घडलेले विद्यार्थी-नेतृत्व मुख्यतः राजकीय होते. ते तसेच असणे त्या काळाला धरून होते, कारण जिथे शाळा उघडी ठेवणे हीच एक लढाई होती, तिथे नांगराचा तास वेळापत्रकात बसवण्याची निकड कोणाला वाटणार?

शेती आणि विद्यार्थ्यांचा कारभार यांची सांगड त्याच दशकांत बीडच्या पश्चिमेला व पूर्वेला बसत होती. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह काढले, त्यात निरनिराळ्या जातींची मुले एकत्र राहत, एका पंगतीत जेवत आणि स्वयंपाक, पाणी व शेतकाम स्वतः करत. ‘कमवा आणि शिका’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या पद्धतीत श्रम हे शिक्षणाच्या खर्चाचे साधन होते. वर्ध्यात ऑक्टोबर १९३७ मध्ये भरलेल्या परिषदेतून पुढे आलेल्या नयी तालीम, म्हणजे हस्तोद्योगाला केंद्रस्थानी ठेवणाऱ्या शिक्षणपद्धतीने आणखी एक पाऊल टाकले. सेवाग्रामच्या शाळेत मुले आमसभा भरवत, निरनिराळ्या कामांसाठी आपले मंत्री निवडत आणि केलेल्या कामाचा जाब त्याच सभेत देत. अमेरिकेत १९२८ साली कॅन्सस सिटी येथे स्थापन झालेल्या भावी शेतकऱ्यांच्या विद्यार्थी-संघटनेतही पदाधिकारी विद्यार्थीच असत आणि प्रत्येकाने घरच्या शेतावर एखादा उपक्रम चालवून त्याची जमाखर्चाची वही ठेवायची असे. मात्र त्या रचनेत प्रत्येक मुलाच्या घरी प्रयोगापुरती तरी जमीन आहे हे गृहीत धरलेले होते, आणि बीडमध्ये नेमके तेच गृहीत धरता येत नाही.

परभणीला कृषी महाविद्यालय १९५६ साली निघाले आणि १८ मे १९७२ रोजी तेथे मराठवाड्याचे कृषी विद्यापीठ स्थापन झाले. त्याच वर्षी पडलेल्या भीषण दुष्काळाने बीडची शेती कोलमडली. शालेय पातळीवर मधल्या काळात कोठारी आयोगाने (१९६४–६६) कार्यानुभव, म्हणजे उत्पादक कामातून मिळणारा अनुभव, हा शिक्षणाचा भाग मानला आणि ईश्वरभाई पटेल समितीने १९७७ साली त्याला समाजोपयोगी उत्पादक कार्य असे रूप दिले. कागदावर ही मांडणी निर्दोष होती. प्रत्यक्षात, ज्या शाळेला पिण्याचे पाणी टँकरने आणावे लागते आणि आवाराबाहेर गुंठाभर जमीन नाही, तिथे हा विषय वहीतल्या आकृत्यांवर आणि वर्षअखेरच्या श्रेणीवर भागवला जाणे अटळ होते. शिवाय खरिपाची काढणी पहिल्या सत्राच्या परीक्षेच्या सुमारास आणि रब्बी ज्वारीची काढणी वार्षिक परीक्षेच्या तोंडावर येत असल्याने पीक हाती येण्याचा, म्हणजे नफा-तोटा कळण्याचा क्षणच विद्यार्थ्याच्या हातून निसटे.

वयाने मोठ्या विद्यार्थ्यांसाठी ही उणीव काही अंशी भरून निघाली. कृषी पदवीच्या अंतिम वर्षातील ग्रामीण कृषी कार्यानुभव कार्यक्रमात विद्यार्थी गावात राहून बीजप्रक्रिया, माती परीक्षण यांची प्रात्यक्षिके दाखवतात. गावकरी त्यांना कृषिदूत, कृषिकन्या म्हणतात. जिल्ह्यात अंबाजोगाई आणि गेवराई तालुक्यातील खामगाव येथे कृषी विज्ञान केंद्रेही आहेत. शाळेत मात्र शेती परतली ती पोषण आहाराच्या वाटेने. केंद्र सरकारने २०१९ साली शालेय पोषण बागांविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि जिल्हा परिषदेच्या शाळांतून परसबागा लावल्या जाऊ लागल्या; शालेय मंत्रिमंडळ, म्हणजे मुलांनी निवडलेले मुख्यमंत्री व खातेवाटप केलेले मंत्री, ही प्रथा अनेक शाळांत असल्याने बागेचे खाते एखाद्या मुलाकडे किंवा मुलीकडे सोपवण्याची सोय आयतीच होती. सेवाग्रामच्या आमसभेशी हिचे नाते उघड आहे, पण तिथे असलेला जाब विचारण्याचा अधिकार इथे बहुधा शिक्षकाकडेच राहतो. कोणते बियाणे घ्यायचे, पाण्याची पाळी कोणाची, किती मेथी खिचडीत गेली आणि किती वाळली, याची नोंद मुलांनी ठेवली तरच मंत्रिपदाला काही अर्थ येतो.

या व्यवस्थेची खरी कसोटी लागते ती ऊसतोडीच्या हंगामात. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम घेतलेली जोडपी, ज्यांना या धंद्यात एक कोयता असे मोजले जाते, दिवाळीच्या आगेमागे पश्चिम महाराष्ट्रातील व कर्नाटकातील कारखान्यांकडे निघतात आणि पट्टा पडेपर्यंत, म्हणजे गाळप संपेपर्यंत, परतत नाहीत. परसबागेत पालेभाजी सर्वांत चांगली येते ती याच थंडीच्या महिन्यांत, त्यामुळे जून-जुलैत निवडलेला बागेचा मंत्री नोव्हेंबरात फडावर असू शकतो. आईवडील स्थलांतरित झाल्यावर मुलांच्या जेवणाखाणाची गावातच सोय करणारी हंगामी वसतिगृहे शिक्षण विभागाने सुरू केली ती शाळागळती रोखण्यासाठी. शेतीशिक्षणाचा विचार त्यामागे नव्हता. तरीही जून महिन्यात वाफा आखणारे मूल फेब्रुवारीत त्याच वाफ्याचा हिशेब मांडायला गावात असेल की नाही, हे आज त्या वसतिगृहावर अवलंबून आहे.