रोलेक्स लर्निंग सेंटर

स्वित्झर्लंडमधील लोझान येथील संघीय तंत्रविज्ञान संस्थेची (ईपीएफएल) ग्रंथालय-इमारत. २०१० साली खुली झाली. वास्तुरचना जपानच्या ‘साना’ संस्थेची. तिचे संस्थापक काझुयो सेजिमा व र्‍युए निशिझावा यांना त्याच वर्षी प्रित्झ्कर पारितोषिक मिळाले. सुमारे १६६ × १२१ मी. मापाच्या या इमारतीत भिंती जवळजवळ नाहीतच. एकच अखंड फरशी टेकडीसारखी चढत-उतरत जाते आणि मधल्या उंचवट्यांमुळे वाचनकक्ष, उपाहारगृह व गटचर्चेच्या जागा आपोआप वेगळ्या होतात. सुमारे पाच लाख ग्रंथ, पुस्तकांचे दुकान आणि विद्यार्थ्यांचे नोकरी-मार्गदर्शन केंद्र या एकाच छपराखाली येतात. १४ अंगणे काचेने वेढलेली असून त्यांतून उजेड आत येतो.

खरे कौशल्य फरशीखाली आहे. काँक्रीटच्या वक्र कवचांसाठी वेगवेगळ्या आकारांचे सुमारे १,४०० साचे वापरावे लागले. उतारांवर विद्यार्थी खुशाल पसरून वाचतात. चाकाच्या खुर्चीतून येणाऱ्यांना मात्र चढणीसाठी तिरक्या लिफ्टचा आधार घ्यावा लागतो, आणि या देखण्या आराखड्याची लंगडी बाजू हीच. ग्रंथालय बाहेरच्या नागरिकांनाही खुले आहे.