झीक आणि नायजेरियाची आशा

लेगॉस येथे १९३७ साली ‘वेस्ट आफ्रिकन पायलट’ निघाले, तेव्हा त्याचे संपादक न्नामदी अझिकिवे राजद्रोहाच्या खटल्यातून नुकतेच सुटले होते. आक्रा येथील त्यांच्या पत्रात छापलेल्या दुसऱ्याच्या लेखासाठी त्यांना शिक्षा झाली होती. अपिलात ती रद्द झाली. ‘झीक’ ह्या नावाने त्यांनी चालविलेले ‘इनसाइड स्टफ’ हे सदर साक्षर तरुणांना आपले वाटे. त्याच वर्षीच्या ‘रिनॅसन्ट आफ्रिका’ ह्या त्यांच्या ग्रंथात संबोधिलेला वाचक इग्बो नव्हे, योरुबा नव्हे. तो केवळ आफ्रिकी होय.

स्वातंत्र्यानंतर ही आशा विफल झाली, असे सामान्यतः म्हटले जाते. वस्तुतः तिचा संकोच आधीच सुरू झाला होता. १९४८ साली ‘पायलट’ आणि ‘डेली सर्व्हिस’ ह्यांच्यात इग्बो-योरुबा वाक्युद्ध पेटले, आणि परकी सत्तेवर चालणारी लेखणी स्वकीयांवर चालू लागली. १९५१ च्या निवडणुकीनंतर अझिकिवे ह्यांना पश्चिम विभागात विरोधी बाकांवर बसावे लागले. पुढे ते इग्बोबहुल पूर्व विभागात गेले व १९५४ साली तेथील मुख्य प्रधान झाले. अखिल आफ्रिकेच्या ह्या प्रवक्त्याला हे पद लहानच म्हटले पाहिजे.

१९६० साली स्वातंत्र्य आले, १९६३ साली ते राष्ट्राध्यक्ष झाले. पण ते पद शोभेचे होते. १९६६ चे लष्करी बंड झाले तेव्हा ते परदेशी होते. यादवी युद्धात प्रथम त्यांनी बायफ्राचा पक्ष घेतला, आणि १९६९ साली अखंड नायजेरियाचा.