नकाशांतला सिंधुदुर्ग

जुन्या दफ्तरांत एखादें स्थळ शोधावयाचें तर त्याचें आपलें नांव ठाऊक असून भागत नाहीं. परक्यांनीं त्यास काय म्हटलें, हेंही ठाऊक असावें लागतें. मालवणच्या समुद्रांतील सिंधुदुर्गाचे जुने नकाशे व चित्रें मुंबईच्या दफ्तरखान्यांत किंवा लंडनच्या ब्रिटिश लायब्ररींत धुंडाळणाऱ्यानें ‘मालवण’ आणि ‘फोर्ट ऑगस्टस’ हीं नांवेंही पाहावींत, असें आम्ही सुचवितों.

हें दुसरें नांव आलें कोठून? शिवाजी महाराजांनीं १६६४ सालीं कुरटे बेटावर या दुर्गाचा पाया घातला. पुढें तो करवीरकरांकडे असतां १७६५ सालीं मेजर गॉर्डन व कॅप्टन वॉटसन यांच्या इंग्रजी फौजेनें तो घेतला आणि कायमचा ठेवण्याच्या इराद्यानें त्याचें नवें बारसें केलें. परंतु किल्ला राखणें आंतबट्ट्याचें, आणि पाडावा तर तें काम महाकठीण! तेव्हां १७६६ सालीं पावणेचार लाखांहून अधिक रुपये व व्यापारास उपद्रव न देण्याचें वचन घेऊन इंग्रजांनीं तो करवीरकरांस परत दिला. त्या वेळीं तेथील कारभार जिजाबाई राणीसाहेबांच्या हातीं होता. १८१२ च्या तहानें मालवण पुनः इंग्रजांकडे गेलें. तरी लोकांच्या तोंडीं सिंधुदुर्गच राहिला. परकें नांव उरलें तें कागदावर.

म्हणून असा कागद हातीं आला कीं आम्ही आधीं विचारतों, हा काढणारा कोठें उभा होता व त्यास काय हवें होतें? दर्यावर्दी नकाशाकारास पाण्याची खोली व बुडालेले खडक हवे असतात. इमारतीच्या आराखड्यास भिंतींची मापें हवीं असतात. छायाचित्र खरें बोलतें, पण एका क्षणाचें व एका बाजूचें. सिंधुदुर्गाचें महाद्वारच पाहा. तें बुरुजांच्या वळणांत असें दडलें आहे कीं, होडी अगदीं जवळ जाईपर्यंत तटास वाट आहे असें वाटतच नाहीं. दुरून घेतलेल्या छायाचित्रांत तट सलगच दिसणार. आराखड्यांत मात्र तें वळण व त्यामागची युक्ति एका दृष्टींत उलगडते.

उलटपक्षीं, आराखड्यांत विहीर म्हणजे एक लहानसें वर्तुळ. दूधबाव, दहीबाव व साखरबाव हीं नांवें, आणि खाऱ्या समुद्रांतील त्या गोड्या पाण्यावांचून शिबंदी एक उन्हाळाही तगली नसती ही गोष्ट, तें वर्तुळ सांगत नाहीं. ती मालवणच्या माणसासच विचारावी लागते.

२०२५ सालीं युनेस्कोनें मराठ्यांच्या बारा किल्ल्यांस जागतिक वारशांत स्थान दिलें. त्यांत सिंधुदुर्गही आहे. यापुढें ढासळलेला तट सांधतांना जुनीं चित्रें समोर नसतील, तर आजचा अंदाज उद्यां पुरावा म्हणून पुढें येईल व खरा दगड कोणता हें कोणासच सांगतां येणार नाहीं. यासाठीं सरकारी दफ्तरेंच पुरीं पडणार नाहींत. आपल्या घरच्या पेटींत आजोबांनीं किल्ल्यावर काढविलेलें एखादें छायाचित्र असेल. त्यांतील माणसांच्या पाठीमागें तटाचा जो तुकडा दिसतो, तो आज तेथें असेलच असें नाहीं. वाचकांनीं त्याच्या मागें स्थळ व साल आजच लिहून ठेवावें. घरांत तें सांगणारें माणूस आहे तोंवरच हें काम सोपें आहे.