गरोदरपणातील पायाची सूज : ऊसतोडीला जाणाऱ्या भगिनींसाठी माहिती

दसरा-दिवाळीनंतर धाराशिव जिल्ह्यातील कळंब, वाशी, भूम, परंडा भागातून अनेक कुटुंबे ऊसतोडीला जातात. त्यात आपल्या वस्तीतील गरोदर भगिनीही असतात. दिवसभर वाकून तोडणी आणि डोक्यावर मोळी. पाय सुजले तरी काम थांबत नाही, कारण उचल फेडायची असते आणि खाडा केला की पैसे कापले जातात.

पाय का सुजतात?
गरोदरपणात शरीरातील रक्त व पाणी वाढते. वाढलेल्या गर्भाशयाचा दाब शिरांवर पडतो आणि पायांकडचे रक्त वर चढायला वेळ लागतो. त्यामुळे संध्याकाळी घोट्याला सूज येते, रात्री पोटरीत गोळे येतात, काहींच्या पायावर फुगलेल्या निळ्या शिरा दिसतात.

काय करावे?
• मधूनमधून बसावे, पाय उशी किंवा गाठोड्यावर उंच ठेवावेत.
• डाव्या कुशीवर झोपावे.
• सूज आहे म्हणून पाणी कमी करू नये.
• गोळा आल्यास पाय सरळ करून बोटे स्वतःकडे ओढावीत.
• सैल, सपाट चप्पल वापरावी.
• लोह व कॅल्शियमच्या गोळ्या वेगवेगळ्या वेळी घ्याव्यात.

धोक्याची लक्षणे
चेहरा व हातावर अचानक सूज, तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, पोटात वरच्या बाजूला दुखणे किंवा रक्तदाब १४०/९० वा अधिक असल्यास त्याच दिवशी दवाखाना गाठावा. पुढे झटके येऊन आई व बाळ दोघांच्या जिवाला धोका होतो. एकच पाय सुजला, गरम व दुखरा झाला तर आत रक्ताची गाठ असू शकते. तो चोळू नये. दम लागल्यास लगेच १०८ ला फोन करावा.

आपली जबाबदारी
२८ जुलै १९२८ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा देताना बाळंतपणाआधी व नंतर स्त्रीला विश्रांती मिळणे देशाच्या हिताचे आहे, असे मांडले. १९६१ च्या कायद्याने पगारी रजा दिली, पण मुकादमामार्फत जोडीने जाणाऱ्या कोयत्यापर्यंत ती पोहोचत नाही. ती मागणी लावून धरावीच. तोपर्यंत तरुणांनी टोळी निघण्याआधी गरोदर भगिनींची यादी करून आशाताईंना द्यावी. माता-बाल संरक्षण कार्ड त्यांच्या सोबत आहे का, ते पाहावे. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रात मोफत तपासणी होते. कारखान्याच्या गावीही हे कार्ड दाखवून तपासणी करून घेता येते.