हाड कोणाचं?

मोडलेलं हाड जुळतं. पण मधला तुकडाच गेला असेल तर? कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयासारख्या ठिकाणी अपघातात पाय चिरडलेला माणूस येतो, तेव्हा डॉक्टरांपुढे हाच प्रश्न असतो. खात्रीचा उपाय म्हणजे त्याच्याच कमरेचं हाड काढून तिथे बसवायचं. पण ते पुरणार किती? मग दुसऱ्याचं हाड, नाहीतर जनावराचं. इथे धर्म मध्ये येतो.

१६६८ साली छापलेल्या व्हान मेकेरेन या डच सर्जनच्या पुस्तकात एका रशियन सरदाराची हकीकत आहे. त्याच्या कवटीला कुत्र्याचं हाड बसवलं, जखम भरली. पण चर्चने त्याला बहिष्कृत केलं. ते हाड काढून टाका, अशी विनवणी करायची वेळ त्याच्यावर आली.

आम्ही कोकणी मुसलमान शाफिई. आमच्या परंपरेतले मोठे फकीह इमाम नववी १२७७ साली वारले. त्यांच्या ‘मिन्हाज’मध्ये हा प्रश्न चारशे वर्षं आधीच आलाय. पाक हाड मिळत नसेल आणि नापाक हाडाने जोडावं लागलं, तर तो माणूस माफ. गरज नसताना जोडलं असेल, तरी काढताना इजेची भीती असल्यास काढायची सक्ती नाही. मला हा निवाडा मोलाचा वाटतो. शुद्धतेच्या आधी त्यात माणसाचा जीव आहे.

पुढे विज्ञानाने वेगळी वाट धरली. हाडातल्याच घटकांमुळे नवं हाड तयार होतं, हे मार्शल युरिस्ट यांनी १९६५ मध्ये दाखवलं. २००१ मध्ये इटलीतल्या संशोधकांनी तीन रुग्णांचे उपचार प्रसिद्ध केले. रुग्णाच्याच अस्थिमज्जेतल्या पेशी प्रयोगशाळेत वाढवायच्या, हाडातल्याच खनिजाच्या सच्छिद्र साच्यावर पेरायच्या आणि तो साचा खिंडारात बसवायचा. म्हणजे हाड ज्याचं त्याचंच! अडचण रक्ताची आहे. साचा मोठा असला की आतल्या पेशींपर्यंत रक्तवाहिन्या वेळेत पोचत नाहीत.

म्हणून हा अजून रोजचा उपचार नाही. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार असे प्रयोग मंजूर चाचणीतच करता येतात. ‘स्टेम सेलने हाड भरून देतो’ म्हणत कुणी पैसे मागितले, तर आधी चाचणीची मंजुरी विचारा.

तोवर दान केलेलं हाडही लागणारच. परळच्या टाटा मेमोरियलमध्ये १९८८ पासून ऊतिपेढी आहे. तिथे दानातून आलेलं हाड गॅमा किरणांनी निर्जंतुक केलं जातं. ते हाड कोणत्या धर्माच्या माणसाचं, हे जोडल्यावर कुणाला ओळखता येणार आहे? घेताना गरज पाहायची आणि देताना मात्र धर्म पुढे करायचा, हे मला पटत नाही.