माळवद, पत्रा आणि घरकुल

आमच्या मंद्रूपकडच्या जुन्या घरांना माळवद असायचं. दगडमातीच्या रुंद भिंती, वर लाकडी तुळया आणि त्यावर मातीचा जाड थर. दक्षिण सोलापुरात पाऊस बेताचा, ऊन मात्र रणरणतं. त्या उन्हाला माळवदासारखा उतारा नाही. पण ते निगा फार मागतं. पुढे लाकूड महागलं, माती टाकणारे हात बाहेरगावी कामाला गेले आणि गळक्या माळवदांच्या जागी पत्रे आले.

मंडळी, सरकारी घरकुलाच्या इतिहासात हा पत्रा फार महत्त्वाचा आहे!

केंद्राची इंदिरा आवास योजना 1985-86 मध्ये सुरू झाली. ती अनुसूचित जाती-जमाती आणि मुक्त झालेल्या वेठबिगारांसाठी होती. 1993-94 पासून इतर गरिबांनाही घरं मिळू लागली. सपाट भागातल्या घराला 2004 मध्ये 25 हजार रुपये मिळायचे. 2008 मध्ये 35, 2010 मध्ये 45 आणि 2013 मध्ये 70 हजार झाले. 2016 मध्ये तिचीच प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) झाली. रक्कम 1 लाख 20 हजार, घर किमान 25 चौरस मीटरचं. त्याच सुमारास केंद्राचा वाटा मात्र 75 टक्क्यांवरून 60 वर आला; बाकीचे राज्याने घालायचे.

चर्चा होते ती या रकमांची. मला विचाराल तर खरा बदल यादीत झाला. आधी दारिद्र्यरेषेखालच्या यादीतून ग्रामसभा नावं निवडायची. 2016 पासून 2011 च्या सामाजिक-आर्थिक जनगणनेचा आधार आला. बेघर असाल तर प्रश्न नाही. नाहीतर जास्तीत जास्त दोन खोल्या, कच्ची भिंत आणि कच्चं छप्पर हवं. त्या जनगणनेत मातीचं छप्पर कच्चं, पण पत्र्याचं पक्कं! म्हणजे मे महिन्यात पत्र्याखाली भाजून निघणारा माणूस कागदावर पक्क्या छपराखाली राहत होता.

शिवाय दुचाकी, फ्रीज किंवा घरी टेलिफोन असला की नाव बाद. मंद्रूपहून रोज सोलापूरला मजुरीला जाणाऱ्याची जुनी मोटारसायकल ही श्रीमंती की भाकरीचं साधन?

ऑगस्ट 2024 मध्ये केंद्राने आणखी 2 कोटी घरं मंजूर केली, तेव्हा नाव वगळण्याच्या अटी 13 वरून 10 वर आल्या. दुचाकी, फ्रीज, टेलिफोन सुटले. महिन्याच्या कमाईची मर्यादा 10 हजारांवरून 15 हजार झाली. चांगलं झालं. पण मधली आठ वर्षं ज्यांनी त्या दुचाकीपायी घालवली, त्यांचं काय?

रक्कम वाढली की मोठी बातमी होते. 'गरीब कोण' याची व्याख्या बदलते ती मात्र अर्जातल्या एखाद्या रकान्यात, गुपचूप. म्हणून पुढच्या वेळी नियम बदलतील तेव्हा आधी तो रकाना वाचावा. आपलं नाव तिथेच ठरतं.

असो. तुमच्या गावाकडे काय अनुभव आहे? जरूर कळवा.